पन्नास कार्डांचा सेकंद

नागमणी यमूलच्या घरात टीव्हीखालच्या फळीवर एक लाल दिवा अकरा महिने अखंड जळला. तो देवापुढचा नव्हता, टीव्ही गेमचा होता. तो विझला त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी दुपारचे तीन वाजले की तिची नजर त्या फळीकडं जायचीच.

गेम आणला होता अंबादासनं, तिच्या नवऱ्यानं, गड्ड्याच्या जत्रेतून. बत्तीस वर्षांचा बाप्या, सोलापुरी चादरीच्या मागावर घाम गाळणारा, आणि काखेत पोरांच्या खेळण्याचं खोकं. गल्ली हसली. तो म्हणाला, "पोरं नाहीत, तर आपणच पोरं होऊ की." नागमणीला हसावं की रडावं कळेना. तिनं चहा टाकला.

तसाच होता तो. मागाखाली पडलेली सुताची कांडी कधी वाकून उचलायचा नाही. पायाच्या अंगठ्यात नि शेजारच्या बोटात चिमटून गुडघ्यापर्यंत आणायचा, तिथून हातात घ्यायचा. "देवानं वीस बोटं दिल्यात, दहाच का वापरायची?" असं वर विचारायचा.

कॅसेटवरचा कागद फाटलेला होता. नाव कळेना, म्हणून नाव दोघांनीच ठेवलं. खेळात दोन वीर होते, एक लाल बनियनचा, एक निळ्या. लाल्या त्याचा, निळी तिची. लाल्या-निळीनं जंगल, किल्ला, गुहा असं करत सहा टप्पे पार करायचे. पण नागमणी खेळायला बसली ती मोजून चार वेळा. तिच्यामागं काम होतं.

ती पंचिंगच्या कारखान्यात होती. चादरीवरचा मोर मागाला कळत नाही, मागाला कळतं भोक. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर जिथं भोक पाडलं तिथला दोरा उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो. एक कार्ड म्हणजे कापडाची एक ओळ. अशी हजार कार्डं एकापुढं एक ओवली की मोराची मान वळते. यंत्राच्या खटक्यावर नागमणी मनाशी गुणगुणायची, तिच्या आजीनं जात्यावर जुळवावं तसं:

खटक्याला खटका, भोकाला बाई भोक,
माझ्या राजाच्या चादरीला मोर राखीला एक.

चैत्रातल्या एका सकाळी ती निघायला लागली तेव्हा अंबादास पलंगाशी मांडी घालून बसला होता. त्याची दुसरी पाळी होती, तीनला.

"आज नको जाऊ की. सहाव्या टप्प्यापर्यंत जाऊ. दुपारपर्यंत होतंय."

"मोराची आठशे कार्डं राहिल्यात. शेठ ओरडतोय."

"थोडं बस तरी. निळी कोण खेळणार?"

चप्पल सापडत नव्हती. ऊन चढत होतं. नागमणी तिरसटली. "तुम्ही व्हा पुढं! माझ्यासाठी थांबू नका."

पावणेतीनला अक्कलकोट रोडला त्याच्या सायकलला ट्रकनं उडवलं.

तेराव्यानंतर तिनं टीव्ही लावला. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून अंबादासनं गेमला गाडीची जुनी बॅटरी जोडून ठेवलेली होती, आणि फळीवर एका रद्दी कार्डाच्या पाठीवर खडूनं लिहिलं होतं, 'बंद करू नकोस.' पडद्यावर सहावा टप्पा थांबलेला. एक लाकडी पूल, आणि पुलावर लाल्या आणि निळी, दोघं शेजारी शेजारी उभे.

दोघं. म्हणजे निळीचा रिमोट कुणीतरी धरला होता.

इराप्पाला, त्याच्या मागावरच्या जोडीदाराला, विचारलं. तो म्हणाला, मी नव्हतो वहिनी. शेजारी विचारलं. कुणीच नव्हतं म्हणे. नागमणीनं पुढं विचारणं सोडलं. आपण नाही म्हणालो आणि त्यांनी आपल्या जागी कुणालातरी बसवलं, हे काही विचारत फिरण्यासारखं नव्हतं. पुढं व्हा असं तीच तर म्हणाली होती. अकरा महिन्यांनी बॅटरी मेली आणि पूल, लाल्या, निळी सगळं गेलं. गेलं नाही ते एक बारीक कुसळ. ते छत्तीस वर्षं तिच्या आत होतं. दिसत नव्हतं, पण कूस बदलली की टोचायचं.

*

दोन हजार बेचाळीसच्या संक्रांतीला नागमणी पासष्ट वर्षांची होती आणि घरात एकटी. पंचिंगचे कारखाने कधीच बंद झाले होते. बोलायला यायची ती सरोजा, अंबादासची धाकटी बहीण. तिनं जन्मभर विड्या वळल्या होत्या. आता विड्या नव्हत्या, पण बोलता बोलता तिची बोटं हाती आलेला कागद वळत राहायची.

घडीवाचकाची बातमी तिनंच आणली.

घडीवाचक हे पुण्याच्या एका प्रयोगशाळेतलं यंत्र. चिपच्या आत हजारो बारके कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्पा एक नाहीतर शून्य धरून बसतो. वीज गेली की विसरतो. पण एकच आकडा महिनोन् महिने धरून बसावं लागलं तर कप्प्याची एक बाजू झिजते. मग कितीही वर्षांनी वीज द्या, तो हटकून त्या बाजूला कलतो, केसभर का होईना. ट्रंकेत एकाच घडीत राहिलेलं लुगडं धुवा, वाळवा, घडीचा वळ राहतोच, तसं हे. शास्त्रज्ञांना ते फार पूर्वीपासून माहीत होतं. नवं एवढंच, की हे यंत्र चिपला हजार वेळा गारठवून हजार वेळा जागं करायचं आणि प्रत्येक कप्प्याचा कल तोलायचं. त्या वर्षी घराघरांतल्या माळ्यांवरून जुनी यंत्रं खाली उतरली.

त्याच्या जोडीला 'हात' आला. एखाद्या माणसानं बटणं कशी दाबली याची तासाभराची नोंद मिळाली, की हा प्रोग्रॅम त्याची सवय शिकायचा आणि पुढं स्वतःच खेळायचा. मागच्या बोळात एका घरी वारलेल्या आजोबांचा हात रोज संध्याकाळी फोनवर रमी खेळायचा. आजोबा हरले की सून टाळ्या वाजवायची.

"वहिनी, दादाचा गेम अकरा महिने चालू होता की ओ," सरोजा म्हणाली. "वळ पडला असंल."

गेम पुण्याला गेला आणि दीड महिन्यानं परत आला. सोबत एक फाईल आणि चार ओळी: 'शेवटचा क्षण पूर्ण मिळाला. दोन हजार अठ्ठेचाळीस कप्पे. त्याआधी काय घडलं ते आमचं यंत्र सांगू शकत नाही. टास करणाऱ्या कुणाला विचारून पाहा.'

*

टास करणारे दस्तगीर मास्तर बार्शीला होते. सत्तरी ओलांडलेले, पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायचे. फोनच्या पडद्यावर आधी त्यांचा चष्मा दिसायचा, मग ते.

"अक्का, जुना गेम घ्यायचा आणि तो कमीत कमी वेळात पुरा करायचा. हातानं नाही, यंत्राच्या मदतीनं. खेळ थांबवायचा. एक फ्रेम पुढं न्यायचा. बटण ठरवायचं. पुढची फ्रेम. चुकलं तर मागं येऊन दुसरं बटण. लबाडी चालत नाही, फक्त बटणं. शेवटी बटणांची जी यादी उरते ती टास. ती रिमोटच्या जागी बसणाऱ्या एका पेटीत भरायची, पेटी खऱ्या गेमला जोडायची, की गेमला वाटतं माणूसच खेळतोय."

"फ्रेम म्हणजे?"

"टीव्हीवरचं एक चित्र. जपानात सेकंदाला साठ, आपल्याकडं पन्नास."

नागमणीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे पंचिंगच की ओ मास्तर."

"कसं काय?"

"एक फ्रेम म्हणजे एक कार्ड. दोन रिमोट, आठ आठ बटणं, म्हणजे सोळा जागा. दाबलं तिथं भोक. नाही दाबलं तर कोरं. एका सेकंदाला पन्नास कार्डं."

पलीकडून चष्मा खाली आला. "अक्का, चाळीस जणांना शिकवलं मी. निम्म्यांना हे दोन महिने कळत नव्हतं."

"मला यांची दुपार पायजे, मास्तर. सुरुवातीपासून पुलापर्यंत. बाजूला कोण बसलं होतं ते बघायचंय."

"ते अवघड आहे. सगळे पुढं पळायचं टास करतात. तुम्हाला गेलेल्या वाटेनं मागं चालायचंय." मास्तरांनी चष्मा पुसला. "पण एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. गेममध्ये नशीब नसतं. नशीब म्हणून आत एक आकडा असतो. प्रत्येक फ्रेमला तो बदलतो, आणि बटण दाबलं की आणखी वेगळा बदलतो. गरुड कुठून येणार, दगड कधी कोसळणार, सगळं त्याच्यावर. तुमच्या घडीत शेवटचा आकडा आहे. तुमची वाट खरी असेल तर शेवटच्या कार्डाला तोच यायला पाहिजे. एक बटण इकडं तिकडं झालं तर यायचा नाही. पण आधी पळायला शिका. पहिला टप्पा करा, दोघांना घेऊन, जमेल तितका लवकर."

ती शिकू लागली. सकाळची भाकरी झाली की ती बसायची. एक फ्रेम, एक फ्रेम. लाल्याचा पाय उचलायला तीन कार्डं, उडी शिगेला जायला अठरा. गरुड दिसल्यापासून अकराव्या कार्डावर खाली वाकलं तर तो डोक्यावरून जातो, बाराव्यावर वाकलं तर चोच मारतो. संध्याकाळपर्यंत चार सेकंद व्हायचे. घरात आवाज फक्त एका बटणाचा, आणि मधूनच तिचं गुणगुणणं. कितीतरी वर्षांत दुपार इतकी पटकन सरली नव्हती.

महिन्याभरानं तिनं पहिला टप्पा पेटीतून चालवून दाखवला. लाल्या निघाला उजवीकडं, ऐटीत. निळी सुसाट निघाली डावीकडं आणि पडद्याच्या कडेला थडकून जागच्या जागी पाय आपटत राहिली.

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, निळी माहेरी निघाली!"

नागमणीला चूक तत्काळ कळली. कारखान्यात कापड मागावर पालथं विणायचे, म्हणून डिझाईन नेहमी उलटं टोचायचं. मोराला डावीकडं बघायला लावायचं असेल तर कार्डात तो उजवीकडं बघतो. लाल्याची कार्डं तिनं मास्तरांसमोर बसून केली होती, निळीची एकटीनं. हात जुन्या वळणावर गेला होता.

ती बंद करायला गेली, तेवढ्यात थांबली. लाल्या पडद्याच्या उजव्या कडेला पोचला होता. उजवं बटण दाबलेलं होतं, तो पाय टाकत होता, पण पुढं सरकत नव्हता. झाडं जागची हलत नव्हती.

"हा का अडकला?"

"दोघांचा खेळ ना तो. एक मागं राहिला की पडदा सरकत नाही. दोघं कडेजवळ आले तरच पुढची वाट उघडते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. चार वेळा खेळली तेव्हा पडदा नेहमी सरकला होता. तिच्याआधी लाल्या कडेला जाऊन उभा असायचा, आणि ती पोचली की वाट उघडायची. तिला वाटायचं, उघडतेच.

*

जूनपासून ती मागच्या वाटेला लागली. मास्तरांचा संगणक वाटा सुचवायचा, हजारोंनी, आणि ती चाळायची. ही नव्हे, अंबादास शिडीवरून कधी उडी मारायचा नाही, उतरायचा. ही नव्हे, तो नाणं सोडून जायचा नाही. माणूस जाऊन छत्तीस वर्षं झाली की चेहरा धूसर होतो. आवाज तर आधीच जातो. पण कुठं थबकायचा, कुठं घाई करायचा, हे तिला अजून पाठ होतं, आणि ते पाठ आहे हे तिला आत्ता कळत होतं.

पहिले दोन टप्पे छोटे होते आणि त्यांची वेळ, नाणी घडीतच नोंदलेली होती; ते जुळले. तिसऱ्यापासून काही जुळेना. पुढच्या लांब टप्प्यांत संगणक दोन खेळाडू धरून चालला होता, दोघं एकदम पळणारे, एकदम उड्या मारणारे. शेवटचा आकडा येतच नव्हता. मास्तर थकले. "अक्का, घडीतच एखादा कप्पा चुकला असेल."

त्या आठवड्यात नागमणीनं जुळलेल्या दोन टप्प्यांची कार्डं मोठ्या चौकटीच्या कागदावर उतरवली आणि घरभर अंथरली. डावीकडं लाल्याच्या आठ जागा, उजवीकडं निळीच्या. मग मोढ्यावर बसून बघत राहिली, कापड तपासायला बसावं तशी.

आधी डावीकडं भोकं, मग डावी बाजू कोरी. मग उजवीकडं भोकं, मग उजवी कोरी. पुन्हा डावी. दोन्हीकडं एकाच ओळीत भोक कुठंच नव्हतं. लाल्या कडेपर्यंत जायचा आणि थांबायचा. तो थांबला की निळी हलायची. ती पोचली की पुन्हा तो.

आणि निळीची भोकं लांब होती. लाल्याचं बटण तीन-चार कार्डांत सुटायचं. निळीचं नऊच्या आत कधीच नाही. दाबलेलं उशिरा उठायचं, जड, चाचपडत. कधी उजवं दाबताना वरचंही दाबलं जायचं.

हे हाताचं बोट नव्हतं.

नागमणी उठून दाराशी गेली, परत आली. तिच्या डोळ्यांपुढं मागाखाली पडलेली कांडी आली, आणि ती चिमटीत धरणारा अंगठा.

तिनं मास्तरांना फोन लावला. "मास्तर, संगणकाला सांगा, दोघं नव्हते. एकच माणूस होता. लाल्या हातात, निळी पायाखाली."

मास्तरांनी संगणकाला पुन्हा कामाला लावलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. दोन हजार अठ्ठेचाळीसपैकी दोन हजार अठ्ठेचाळीस जुळले होते.

सत्तावन्न मिनिटं. एक लाख एक्काहत्तर हजार कार्डं. त्यांतली सत्तावन्न हजार लाल्याच्या बाजूनं कोरी, कडेला उभं राहून निळीची वाट बघण्यातली. नागमणीनं कागदावर भागाकार केला. एकोणीस मिनिटं होत होती. एका ठिकाणी गुहेतल्या खड्ड्यात निळी सहा वेळा पडलेली. सहाही वेळा लाल्या कडेला उभा.

"अक्का," मास्तर चाचरत म्हणाले, "टासमध्ये थांबणं म्हणजे पाप. सवयीनं विचारतो. ती कोरी कार्डं काढून एक जलद प्रत करू का?"

"हात लावू नका त्यांना."

*

त्यानंतर तिनं एक वेडेपणा केला. पेटीत फक्त लाल्याची कार्डं भरली आणि निळीचा रिमोट स्वतः हातात घेतला. छत्तीस वर्षांनी का होईना, बसावं त्याच्या शेजारी.

लाल्या चालू लागला. तीच चाल, तेच थबकणं. तीही निघाली. अर्धं मिनिट दोघं बरोबर चालले. मग वरून एक दगड आला. त्या दुपारी तो तिथं पडलेलाच नव्हता. तिनं बटण दाबलं म्हणून आतला आकडा बदलला होता, आणि आकड्याबरोबर सगळं नशीब. लाल्याला ते ठाऊक नव्हतं. तो त्याच्या दुपारीच चालत होता. दगड लागून तो मागं फेकला गेला, उठला, आणि जिथं आता खड्डा होता तिथं सरळ चालत गेला.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तो हवा असेल तर तिनं काही दाबायचं नव्हतं. आणि तिनं काही दाबलं की तो नाही. तिनं रिमोट मांडीवर ठेवला. दारावरून भाजीवाला ओरडत गेला. तिनं मान वर केली नाही.

दिवाळीच्या आधी सरोजा आली. तिनं अख्खी सत्तावन्न मिनिटं पाहिली, पदर तोंडाला लावून. पुलावर खेळ थांबला तशी म्हणाली, "आता हात बनवा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पूल ओलांडू दे की दादाला. छत्तीस वर्षं तिथंच उभा हाय बिचारा. सत्तावन्न मिनिटांत बनतोय म्हणे हात. तुमच्याकडं नोंद हाय, मास्तर हाय, मग कशाला अडवायलाव? तुमचा नवरा, तसा माझा भाऊबी हाय."

नागमणीनं मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी नोंद हाताला शिकवायला दिली, आणि भाऊबीजेच्या दुपारी दोघी टीव्हीपुढं बसल्या. सरोजानं निरांजनाचं ताट बाजूला ठेवलं होतं, झाकून.

खेळ सुरू झाला. पूल पुढं सरकला. लाल्या अंबादाससारखाच चालत होता. नाणं सोडत नव्हता, शिडी उतरूनच जात होता. सरोजा टाळ्या वाजवू लागली. "बघा, बघा! दादा!"

निळीही पळत होती. त्याच्या बरोबरीनं, खांद्याला खांदा, एकाच वेळी उडी, एकाच वेळी पाय खाली. हाताला अंग नव्हतं. लाल्या कुठल्या बोटांनी आणि निळी कुठल्या, हा प्रश्नच त्याला नव्हता. सोळा बटणं त्याला सारखीच. सहावा टप्पा साडेतीन मिनिटांत उरकत आला आणि त्यात एकदाही कुणी कुणासाठी थांबलं नाही.

सरोजाच्या टाळ्या हळूहळू बंद पडल्या. ती हातातला कागद वळत होती, तोही थांबला.

"वहिनी," ती म्हणाली, "एका बाईनं वळलेली विडी नि दुसरीनं वळलेली, मला डोळे मिटून कळती. ह्यो दादा न्हवं."

"नाही."

"बंद करा ओ."

नागमणीनं बंद केलं. मग उठून तिनं पेटी काढली, माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या टीव्हीला खरा गेम जोडला आणि पेटीत ती एक लाख एक्काहत्तर हजार कार्डं भरली, एकही न वगळता. दोन वाजून गेले होते.

"पुन्हा बघायचं?" सरोजानं विचारलं.

"बघायचं. मग पुढं जायचं."

सत्तावन्न मिनिटं पुन्हा सुरू झाली. लाल्या चालला, थांबला. निळी आली. चालला, थांबला. गुहेत निळी सहा वेळा पडली. शेवटी पूल आला, दोघं शेजारी उभे राहिले, आणि पडदा गोठला. शेवटचं कार्ड संपलं. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. आता ताबा रिमोटांकडं होता.

नागमणीनं निळीचा रिमोट हातात घेतला. थांबलेला खेळ सुरू करायचं बटण मात्र त्यावर चालत नव्हतं. ते फक्त लाल्याच्या रिमोटवर चालायचं. शेवटचं ते अंबादासनं दाबलं होतं, घरातून निघताना.

तिनं तो रिमोट फरशीवर ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि उजवा पाय चपलेतून बाहेर काढला.

"वहिनी, हे काय करायलाव?"

"गप बघ."

पासष्ट वर्षांचा अंगठा, सांधा सुजलेला. बटण सापडेना. मग सापडलं. पुलाखालचं पाणी वाहू लागलं.

तिनं निळीला हातानं पुढं नेलं, पूल ओलांडून पार उजव्या कडेपर्यंत. तिथं उभं केलं. मागं पुलावर लाल्या एकटाच. तिनं अंगठा उजव्या बटणावर टेकवला. लाल्या दोन पावलं चालला, त्यानं उगीच उडी मारली, आणि तो पाण्यात पडला.

सरोजा खुदकन हसली, मग तिनं डोळे पुसले. "अहो, बुडवलाव की त्याला!"

"अजून दोन जीव हाईत."

लाल्या परत पुलावर उभा राहिला. पुन्हा अंगठा. जड, उशिरा उठणारा, चाचपडत. तीन पावलं, एक पाऊल मागं. एक फळी तुटलेली होती. ती ओलांडायला अंगठा आणि शेजारचं बोट एकदम दाबायला हवं होतं. नागमणीच्या कपाळावर घाम आला. निळी कडेला उभी होती, हातपाय न हलवता.

"वहिनी, ऱ्हाऊ दे की. निळी पोचली नव्हं? तिला जाऊ दे पुढं."

"एकटीला वाट उघडत नाही, सरोजा," नागमणी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. तिचं सगळं लक्ष पायाकडं होतं. "थांबते मी. येऊ दे त्यांना सावकाश."

बोटं दाबली गेली. लाल्या उडाला, फळीच्या पलीकडं गुडघ्यावर पडला, उठला, आणि अडखळत अडखळत निळीच्या शेजारी येऊन उभा राहिला. पडदा बोटभर सरकला.